स्त्रीची नजर: अल्बर्ट हॉल ते रील

२० नोव्हेंबर १९७०. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्ड स्पर्धेची अंतिम फेरी चालू होती आणि बीबीसी ती घरोघरी थेट दाखवत होती. अमेरिकन विनोदवीर बॉब होप मंचावर आला. बाहेर निदर्शनं चालली होती, त्यांची टर उडवत त्याने या सोहळ्याला गुरांचा बाजार म्हटलं आणि वर गाईसारखं हंबरूनही दाखवलं. तेवढ्यात प्रेक्षकांत कुठेतरी खुळखुळा वाजला, फुटबॉलच्या सामन्यात वाजवतात तसला, कर्कश. ती खूण होती. चांगलेचुंगले कपडे घालून, रीतसर तिकिटं काढून ठिकठिकाणी बसलेल्या बायका उठल्या. पिठाच्या पुड्या, धुराचे गोळे आणि पत्रकं मंचाच्या दिशेने सुटली. होप पळायला निघाला; आयोजक ज्युलिया मॉर्ली यांनी त्याचा पाय धरून त्याला थांबवलं, असं सांगतात. पोलिसांनी बायकांना बाहेर काढलं, कार्यक्रम पुढे सुरू झाला आणि ग्रेनाडाची जेनिफर होस्टन जिंकली. हा मुकुट मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

ही स्पर्धा आणि हा विनोदवीर आपल्याकडे अगदीच परके नव्हते. चारच वर्षांपूर्वी, १९६६ मध्ये, मुंबईत वाढलेली गोव्याच्या घराण्यातली रीटा फारिया हीच स्पर्धा जिंकली होती. ती वैद्यकीय विद्यार्थिनी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ती होपच्या ताफ्याबरोबर व्हिएतनामला गेली, अमेरिकन सैनिकांच्या करमणुकीसाठी. नंतर सिनेमाची आणि मॉडेलिंगची आमंत्रणं बाजूला सारून ती डॉक्टर झाली. तिच्या त्या एका वर्षाकडे मंचाखालून बघणाऱ्यांना काय दिसलं आणि मंचावरून तिला काय दिसलं, या दोन गोष्टी एकच असतील असं मानायचं कारण नाही.

अल्बर्ट हॉलमधल्या निदर्शकांमध्ये २९ वर्षांची लॉरा मल्वी होती. ऑक्सफर्डला इतिहास शिकलेली आणि हॉलिवूडची वेडी. स्त्रियांना न्याहाळण्याचा असा सोहळा बंद पाडता येतो, निदान त्यात खंड पाडता येतो, हे तिने त्या रात्री पाहिलं. पण मग एक अडचणीचा प्रश्न शिल्लक राहिला. मिस वर्ल्डमध्ये मांडणी उघडीवाघडी होती. पोहण्याचे कपडे, गुण, परीक्षक, सगळं समोर. जे चित्रपट मल्वी स्वतः आवडीने बघत आली होती, त्यांत काय चालतं? तिथे तर कुणी गुण देत नाही. तरीही बाई मंचावर आणि बघणारा अंधारात, ही रचना तीच.

त्या काळात लंडनमधल्या चळवळीतल्या बायका छोट्या गटांत जमून वाचन करत. मल्वीच्या गटाने फ्रॉइड वाचायला घेतला. आजूबाजूलाही याच दिशेने पावलं पडत होती. जानेवारी १९७२ मध्ये कलासमीक्षक जॉन बर्जर यांची ‘वेज ऑफ सीइंग’ ही चार भागांची मालिका बीबीसीवर आली. दुसऱ्या भागात त्यांनी युरोपीय तैलचित्रांतल्या नग्न स्त्रिया आणि जाहिरातींतल्या स्त्रिया शेजारी शेजारी ठेवल्या आणि दाखवून दिलं की चित्रातली बाई चित्रात नसलेल्या कुणासाठी तरी बसलेली असते. मग बर्जर बोलायचे थांबले आणि भागाचा उरलेला वेळ त्यांनी पाच स्त्रियांच्या गप्पांना दिला. पन्नास वर्षांनंतरही तो तुकडा मला मालिकेतला सर्वांत धाडसी वाटतो, कारण त्यात सूत्रधार खरोखरच ऐकत बसलेला दिसतो. त्याच वर्षी एडिनबरा चित्रपट महोत्सवात स्त्री-दिग्दर्शकांच्या चित्रपटांचा खास विभाग झाला. क्लेअर जॉन्स्टन आणि लिंडा माइल्स यांच्याबरोबर मल्वी त्याच्या आयोजनात होती.

१९७३ मध्ये तिने एक निबंध लिहिला आणि तो १९७५ च्या शरदात ‘स्क्रीन’ या नियतकालिकात छापून आला. डझनभर पानांचा ऐवज. ‘मेल गेझ’, पुरुषी नजर, ही संकल्पना तिथून जगभर गेली. निबंध वाचायला सोपा नाही. फ्रॉइड आणि लकां यांच्या मनोविश्लेषणाच्या परिभाषेने तो जड झाला आहे. मात्र त्यातलं निरीक्षण हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ पाहिलेल्या कुणालाही पटेल असं आहे.

१९५४ च्या या चित्रपटात पाय मोडलेला छायाचित्रकार चाकाच्या खुर्चीत अडकून पडलेला आहे आणि भल्यामोठ्या लेन्समधून समोरच्या इमारतीतल्या खिडक्या न्याहाळतो आहे. त्याची प्रेयसी लिसा म्हणजे ग्रेस केली. रोज नवा झगा घालून त्याच्या खोलीत येते आणि तो तिच्याकडे धड लक्षही देत नाही. पुढे समोरच्या इमारतीतल्या खुनाच्या संशयिताच्या घरात शिरण्याचं धाडस लिसा करते. आता ती समोरच्या खिडकीत आहे, लेन्सच्या पलीकडे, आणि त्या क्षणी तो तिच्यावर खऱ्या अर्थाने भाळतो. ती बाई तीच आहे, फक्त चौकटीच्या आत गेली आहे. मल्वीने दाखवलं की कॅमेरा बघतो, पात्रं एकमेकांना बघतात आणि प्रेक्षक हे सगळं बघतो. मुख्य प्रवाहातला सिनेमा या तीन नजरा अशा बेमालूम जोडतो की खुर्चीत बसलेला माणूस नायकाच्या डोळ्यांनी बघू लागतो आणि हे आपोआप होतंय असंच त्याला वाटतं. प्रेक्षक बाई असली तरी तीही तशीच बघायला शिकते.

पुढची सगळी गफलत इथून निघाली, म्हणून हे नीट लक्षात घ्यायला हवं. निबंध कपड्यांबद्दल नाही. पुरुष वाईट नजरेने बघतात, ही तक्रार तर त्याहून नाही. एका चौकटीनंतर दुसरी कोणती येते, कॅमेरा कुणाच्या खांद्यावरून बघतो, कुणाची प्रतिक्रिया दाखवली जाते आणि कुणाची गाळली जाते, याबद्दल तो आहे. थोडक्यात, संकलनाच्या टेबलावर जे घडतं त्याबद्दल. आणि ‘फीमेल गेझ’ असा काही तयार पर्याय मल्वीने सुचवला नव्हता. तिचा प्रस्ताव त्याहून कडवट होता: या आरामशीर बघण्यातलं सुखच मोडून काढायचं.

ते कसं दिसेल, हे तिने पीटर वोलनबरोबर केलेल्या ‘रिडल्स ऑफ द स्फिंक्स’ या १९७७ च्या चित्रपटात दिसतं. त्याचा मुख्य भाग तेरा दृश्यांचा आहे आणि प्रत्येक दृश्यात कॅमेरा सावकाश पूर्ण गोल फिरतो. स्वयंपाकघरात आई मुलीला भरवते आहे, तर कॅमेरा तिच्यापाशी रेंगाळत नाही. ओटा, भांडी, खिडकी, सगळ्यांवरून सारख्याच वेगाने सरकतो. ती चौकटीत येते आणि निघूनही जाते. सिद्धांत पक्का, पण प्रेक्षक मोजकेच. असा चित्रपट दर शुक्रवारी बघायला कोण जाणार, हा प्रश्न उरलाच.

त्याचं उत्तर त्याआधीच ब्रसेल्समधून आलं होतं. मल्वीचा निबंध छापून आला त्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, कान चित्रपट महोत्सवात एक ३ तास २१ मिनिटांचा चित्रपट दाखवला गेला. दिग्दर्शिका शांताल आकरमान, वय पंचविशीच्या आत. कॅमेऱ्यामागे बाबेत मांगोल्त, आणि चमूतही मुख्यतः स्त्रियाच. ‘जान दिलमान’ या चित्रपटातली त्याच नावाची विधवा बाई मुलासाठी रांधते, अंथरूण आवरते आणि दुपारी घरी येणाऱ्या पुरुषांकडून पैसे घेऊन संसार चालवते. कॅमेरा एका जागी, जरा खालच्या उंचीवर. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक येतं, खोलीचं दार बंद होतं आणि कॅमेरा बाहेरच्या बोळकांडीत थांबतो. उजेड उतरतो, दार उघडतं, बस्स. याउलट स्वयंपाक मात्र पुरता बघायला मिळतो. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. पातेलं हातात घेऊन ती घरभर फिरते, कुठे ठेवावं ते तिला सुचत नाही. मग ती नवे बटाटे सोलायला बसते. सुरी नेहमीसारखीच फिरते, पण तिच्या हातात आता एक बारीक चीड आहे. त्याआधीचा तास-दीड तास तिची शिस्त आपण मिनिटामिनिटाने पाहिलेली असते, म्हणूनच ती चीड आपल्याला दिसते. चित्रपटाच्या मध्येच येऊन बसणाऱ्याला फक्त बटाटे सोलणारी बाई दिसेल.

१९८० च्या दशकात पुरुषी नजरेच्या सिद्धांतावर वाद रंगले. १९८८ मध्ये लोरेन गॅमन आणि मार्गारेट मार्शमेंट यांनी ‘द फीमेल गेझ’ नावाचा लेखसंग्रह संपादित केला. त्यात ‘कॅग्नी अँड लेसी’सारख्या लोकप्रिय पोलीस-मालिकेकडेही गांभीर्याने पाहिलं होतं. बायका रोज संध्याकाळी जे बघतात, त्यात त्यांना काही स्वतःचं सापडत असेल की नाही? प्रश्न रास्त होता आणि प्रायोगिक सिनेमावाल्यांना तो जरा टोचणाराही होता. त्याहून खोल आक्षेप १९९२ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका बेल हुक्स यांनी घेतला. ‘स्त्री’ म्हणजे कुठली स्त्री? अमेरिकेत गुलामांना मालकाकडे मान वर करून बघण्याचीही शिक्षा होत असे. जिथे नुसतं बघणं हा गुन्हा, तिथे बघणं हेच बंड. हॉलिवूडच्या गोऱ्या नायिकेशी एकरूप होणं काळ्या बाईला मुळातच शक्य नव्हतं, त्यामुळे तिची टीकेची नजर आधीपासून तयार होती. आपल्याकडे बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचलेल्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. वरच्या जातीचा माणूस समोरून आला की वाट सोडून खाली उतरायचं, ही तिथल्या बायकांची रोजची शिकवण होती. अल्बर्ट हॉलमध्ये पिठाच्या पुड्या फेकणाऱ्या गोऱ्या बायकांना त्याच मंचावरच्या जेनिफर होस्टनचा विजय काय होता हे कळायला वर्षं लागली, ते याच कारणाने.

मुंबईत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच एका पोस्टरने सगळा मामला भर रस्त्यात आणला. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा रवींद्र धर्मराज यांचा ‘चक्र’ १९८१ मध्ये आला. झोपडपट्टीत राहणारी अम्मा, म्हणजे स्मिता पाटील, उघड्यावर अंघोळ करते असं एक दृश्य त्यात आहे. चित्रपटात ते आडोशाविना जगण्याचा भाग म्हणून येतं. वितरकांनी नेमकी तीच चौकट उचलली आणि भिंतीभिंतींवर लावली. स्मिता पाटील यांनी मुलाखतीत त्याबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली: झोपडपट्टीतली बाई तशी अंघोळ करताना दिसली तर तुम्ही थांबून बघत नाही, पण जाहिरातीत तेच विकायला ठेवलं जातं, असा त्यांचा मुद्दा होता. दृश्यातली एकही रेषा न बदलता त्याचा अर्थ उलटा करता येतो, त्यासाठी फक्त मागचं-पुढचं कापून टाकावं लागतं. पुढे इंटरनेटवर जे झालं, त्याची ही आगाऊ प्रतच म्हणायची.

पुण्यात मात्र त्याच दशकात निराळं काही घडलं. समाजशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा भावे ‘स्त्रीवाणी’ या संशोधन प्रकल्पात वस्तीतल्या बायकांशी बोलत होत्या. अभ्यासाचा अहवाल ज्यांच्याबद्दल लिहायचा, त्यांनाच तो वाचता येणार नव्हता. दाखवला तर दिसेल, या विचारातून १९८५ मध्ये ‘बाई’ हा त्यांचा पहिला लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपटाचं औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. पण ज्या बाईकडे बघायचं तीच पहिली प्रेक्षक, ही त्यांची अट लंडनमधल्या कुठल्याही सिद्धांतापेक्षा सरळ होती, आणि ती त्यांनी पुढेही सोडली नाही.

दुसरं टोक म्हणजे नुसती उलटापालट. ९ नोव्हेंबर २००७ ला, दिवाळीत, हिंदीतले दोन मोठे चित्रपट एकाच दिवशी लागले. ‘सावरिया’त रणबीर कपूर टॉवेल गुंडाळून नाचला आणि ‘ओम शांती ओम’मध्ये शाहरुख खान पाण्यातून उघड्या अंगाने बाहेर आला. दुसऱ्याची दिग्दर्शिका फराह खान. नायिकेला भिजवण्याची हिंदी सिनेमाची जुनी सवय तिने नायकावर फिरवली होती आणि त्यात थट्टा उघड दिसत होती. पण कॅमेरा तोच, तसाच वरून खाली सरकणारा. पाच वर्षांनी हॉलिवूडचा ‘मॅजिक माइक’ आला, पुरुष नर्तकांचा. त्याचा दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग पुरुष होता. बायकांची झुंबड उडाली, तिकिटं खपली. करमणूक म्हणून यात गैर काहीच नाही. रचना मात्र जागची हलली नव्हती, चौकटीतलं शरीर तेवढं बदललं होतं.

मध्यंतरी मल्वीचं स्वतःचं लक्ष तिसरीकडेच गेलं होतं. २००६ च्या ‘डेथ ट्वेंटीफोर टाइम्स अ सेकंड’ या पुस्तकात तिने व्हिडिओ आणि डीव्हीडीच्या पॉज बटणाचा विचार केला. चित्रपटगृहात पडदा प्रेक्षकाला आपल्या वेगाने ओढून नेत असे. आता प्रेक्षक चित्रपट थांबवतो, मागे नेतो, हवी ती चौकट धरून ठेवतो. त्यातून दोन तऱ्हेचे प्रेक्षक घडतील, असं तिने मांडलं: एक थांबून विचार करणारा, दुसरा त्या चौकटीवर मालकी गाजवणारा. तिने प्रयोगही केला. ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’च्या सुरुवातीच्या गाण्यातला मेरिलिन मन्‍रोचा काही सेकंदांचा तुकडा घेऊन तो हळू केला, थांबवला, पुन्हापुन्हा चालवला. तसं बघितल्यावर मन्‍रोचं सहज वाटणारं मुरडणं किती घोटून बसवलेलं होतं ते कळतं. आजच्या भाषेत बोलायचं तर पुरुषी नजरेच्या सिद्धांताच्या आईने स्वतः एक फॅन-एडिट केला होता. तुकडा कापणं म्हणजे आपोआप पाप, असं तिला कधीच वाटलं नव्हतं.

यानंतर गोष्टींनी वेग घेतला. सप्टेंबर २०१६ मध्ये टोरोंटो महोत्सवात ‘ट्रान्सपरंट’ मालिकेचे कर्ते जोई सोलोवे यांनी ‘फीमेल गेझ’वर व्याख्यान दिलं आणि त्याचे तीन पदर सांगितले: शरीराच्या आतून जाणवणारं बघणं, आपल्याकडे बघितलं जातंय ही जाणीव, आणि बघणाऱ्याकडे उलट बघणं. व्याख्यान इंटरनेटवर सर्वदूर गेलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये हार्वी वाइनस्टीनचं प्रकरण फुटलं आणि ‘मी टू’ने सेटवरची सत्ताच चव्हाट्यावर आणली. पुढच्याच महिन्यात ‘जस्टिस लीग’ आला तेव्हा त्यातल्या अ‍ॅमेझॉन योद्ध्यांचे तोकडे वेष आणि त्याच वर्षीच्या पॅटी जेन्किन्स यांच्या ‘वंडर वुमन’मधली चिलखतं यांची छायाचित्रं शेजारी शेजारी लावून लोकांनी सोशल मीडिया भरून टाकला. मुद्दा खोटा नव्हता. पण दोन स्थिर चित्रं शेजारी ठेवायची आणि निकाल द्यायचा, ही पद्धत इथे रुळली.

मे २०१९ मध्ये कानला सेलीन सियामाचा ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’ आला आणि त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. अठराव्या शतकातलं फ्रान्सचं एक बेट. चित्रकार मारियानने एलोईझचं चित्र काढायचं आहे, पण तिला पत्ता न लागू देता. फिरायला सोबत जायचं, चोरून बघायचं आणि रात्री रंगवायचं. चित्रपटाच्या मध्यावर एलोईझ सगळं जाणून समोर बसलेली असते. मारियान तिला तिच्या लकबी मोजून दाखवते: तू अस्वस्थ झालीस की असं करतेस, चिडलीस की तसं. एलोईझ तिला जवळ बोलावते, आपल्या बाजूला उभं करते आणि विचारते की तू माझ्याकडे बघत असतेस तेव्हा मी कुणाकडे बघत असते? मग ती मारियानच्या लकबी तितक्याच बारकाईने सांगते. चित्रकाराचा चेहरा उतरतो. हा प्रसंग तीन-चार मिनिटांचा आहे, पण त्याला वजन आधीच्या तासाभराच्या चोरट्या कटाक्षांनी येतं. छायाचित्रकार क्लेअर मातों यांना या चित्रपटासाठी फेब्रुवारी २०२० मध्ये सेझार मिळाला. त्याच समारंभात दिग्दर्शनाचं पारितोषिक रोमान पोलान्स्कीला जाहीर झालं आणि एलोईझचं काम करणारी आदेल एनेल सभागृहातून उठून निघून गेली.

काही आठवड्यांतच कोविडमुळे जग घरात कोंडलं गेलं. मुलींच्या हाती फोन होता, वेळ होता, आणि टिकटॉक होतं. २९ जून २०२० ला भारताने टिकटॉकवर बंदी घातली. दहा दिवसांच्या आत इंस्टाग्रामने रील्स भारतात आणली. त्यामुळे २०२१ मध्ये पाश्चात्त्य मुलींनी ‘मेल गेझ विरुद्ध फीमेल गेझ’ असे व्हिडिओ करायला घेतले तेव्हा ते आपल्याकडे दुसऱ्या दाराने आले, पण आले. त्यांचा साचा ठरलेला होता. पहिल्या भागात घट्ट झगा, सरळ केलेले केस, रेखीव मेकअप. खाली लिहिलेलं, पुरुषांच्या नजरेसाठी. मग एक टिचकी, आणि दुसऱ्या भागात ढगळ पँट, दहा बोटांत आठ अंगठ्या, रंगीत आयलायनर. खाली लिहिलेलं, बायकांच्या नजरेसाठी.

या मुलींना हसणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. आरशासमोर आपण कुणाच्या डोळ्यांनी उभं राहतो, हा प्रश्न बर्जर यांनी तैलचित्रांसमोर विचारला होता. सोळा वर्षांच्या मुलीने तो आपल्या कपाटासमोर विचारला. टाळेबंदीत रस्त्यावरची नजर नाहीशी झाल्यावर अनेकींना पहिल्यांदाच कळलं की आपण काय काय दुसऱ्यांसाठी घालत होतो. ही खरी जाणीव होती. तिचं पुढे जे झालं ते मात्र माध्यमाच्या स्वभावाने झालं. पंधरा सेकंदांत चौकटींची साखळी मावत नाही. मावते ती एक चौकट, आणि तिच्यात दिसतात कपडे, चेहरा, रंग. त्यामुळे नजर म्हणजे कॅमेऱ्याची रचना, हे मागे पडलं आणि नजर म्हणजे आवड, एवढंच उरलं. आवड विकता येते. ढगळ पँट आणि अंगठ्या यांचीच मग एक यादी झाली, आणि यादीला दुकानं जोडली गेली.

‘बाईने लिहिलेला पुरुष’ ही त्याचीच दुसरी शाखा. हळवा, ऐकून घेणारा, केस विस्कटलेला नायक दिसला की त्याला ही पदवी मिळू लागली. या शाखेचा सर्वांत लाडका पुरावा म्हणजे २००५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला हात. डार्सी एलिझाबेथला बग्गीत चढायला हात देतो, वळून चालू लागतो आणि त्याची बोटं क्षणभर ताणली जातात. बायकांच्या नजरेचा अर्क म्हणून हा तुकडा अक्षरशः असंख्य वेळा फिरला. दिग्दर्शक जो राइट, कॅमेरा रोमन ओसिन, दोघेही पुरुष. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या कादंबरीत तर ती बोटं नाहीतच. म्हणजे तुकडा वाईट ठरत नाही, उलट तो अप्रतिम आहे. पण ‘बाईने केलं म्हणून चांगलं, पुरुषाने केलं म्हणून वाईट’ हा हिशेब इथे जागच्या जागी कोसळतो, आणि तरी तो लावला जातच राहिला. प्रत्यक्षातल्या नटांच्या उघड्या अंगाची चित्रं, त्यांच्या शरीराबद्दलच्या अश्लील प्रतिक्रिया, यांवरही ‘फीमेल गेझ’ची चिठ्ठी लावली की काम भागू लागलं. त्यातल्या कुणाची संमती विचारायची असते, हे कुणाला आठवलं नाही.

सर्वांत जास्त बोचतं ते वेगळंच. ‘ही पुरुषांसाठी नटते’ हा शेरा मुली मुलींवर मारू लागल्या. लिपस्टिक गडद, झगा तोकडा, म्हणजे ती अजून सुधारलेली नाही. हे आपल्या कानांना नवं आहे का? ‘एवढी नटूनथटून कुणासाठी?’ हा प्रश्न मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ओसरीवरून विचारला गेला आहे. चारचौघांच्या तोंडातला तोच टोमणा आता सिद्धांताचं नाव घेऊन परत आला.

आणि मुलींनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अटींवर काढलेल्या फोटोंचं काय होतं तेही याच काळात दिसलं. १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर बोलक्या, नामवंत मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. सहा महिन्यांपूर्वी ‘सुल्ली डील्स’मध्ये हेच झालं होतं. बरेच फोटो त्यांच्याच खात्यांवरून उचललेले होते. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने गुन्हा नोंदवून अटक केली, आणि अटक झालेल्यांत उत्तराखंडची एक अठरा वर्षांची तरुणीही होती. बाई आहे म्हणून नजर बाईची, असं मानणाऱ्यांनी यावर फारसं लिहिलं नाही. बेल हुक्स यांनी विचारलेला, कुठली स्त्री, हा प्रश्न इथे पोलिसांच्या कागदांत येऊन बसला होता.

१ डिसेंबर २०२२ ला ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने दर दहा वर्षांनी होणाऱ्या पाहणीचा निकाल जाहीर केला. १,६३९ समीक्षक, अभ्यासक आणि कार्यक्रम-नियोजकांच्या मतांतून जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरला ‘जान दिलमान’. पाहणीच्या सत्तर वर्षांत पहिल्या क्रमांकावर आलेला, स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट. मासिकाने त्यावरचा लेख ऐंशी ओलांडलेल्या लॉरा मल्वी यांच्याकडून लिहून घेतला. निकालानंतर दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी फेसबुकवर नाराजी लिहिली. चित्रपट आपल्याला आवडतो, पण त्याचं असं एकदम वर येणं हा राजकीय हिशेबाचा परिणाम आहे, असा त्यांचा सूर होता. दुसऱ्या बाजूने लोकांनी ‘फीमेल गेझ जिंकली’ म्हणून तो साजरा केला. दोन्ही बाजूंनी मोजलं ते दिग्दर्शिकेचं बाई असणं, आणि वाद रंगला तो यादीतल्या जागेवर. दुसऱ्या दिवशीचे बटाटे, हातातलं पातेलं आणि पहिल्या दुपारी बोळकांडीत थांबलेला कॅमेरा यांच्याबद्दल त्या भांडणात क्वचितच कुणी बोललं. त्यासाठी आधी तो २०१ मिनिटांचा चित्रपट बघायला हवा होता, आणि तो न बघताही त्यावर मत देता येत होतं.